अघोषित भारनियमन आणि ५०३

नांदेड-लातूरकडच्या माणसाला घोषित आणि अघोषित भारनियमनातला फरक समजावून सांगावा लागत नाही. २०००च्या दशकात वीज जायचीच. पण वेळापत्रक माहीत असलं की दळण आधी आणून ठेवलं जायचं, पोरं अभ्यास उरकायची, शेतकरी मोटारीसाठी रात्री उठायचा. लोक खरे चिडायचे ते अघोषितवर.

आपल्या धंद्यातले लोक मात्र साईट दुरुस्तीला काढताना सर्रास अघोषितच करतात, आणि एक पान लावलं की कळवलं असं समजतात. फिरणारी दातेरी चाकं, हेल्मेटवाला कार्टून कामगार, खाली 'लवकरच परत येत आहोत'. लवकरच म्हणजे कधी हो? दहा मिनिटं की सोमवार?

२०२३च्या खरिपाचा पीकविमा आठवा. एक रुपयात अर्ज, मुदत ३१ जुलै, ती पुढं ३ ऑगस्ट झाली. अशा मुदतीच्या दिवसांत मुखेड नाहीतर औशाकडचा माणूस रोज बुडवून सेवा केंद्रावर येतो आणि ऐकतो, "मामा, साईट बंद हाय." "कवा चालू व्हईल?" याचं उत्तर केंद्रातल्या पोराकडं नसतं, कारण आपण ते लिहिलेलंच नसतं. 'चार वाजता' असतं तर मामा बाजार करून आले असते, 'उद्या' असतं तर मिळेल त्या एस.टी.नं घरी गेले असते.

बरं, सोय नाही असंही नाही. जून १९९९च्या आरएफसी २६१६ मध्ये ५०३ हा कोड आहे आणि सोबत रिट्राय-आफ्टर हेडर: किती सेकंदांनी किंवा नेमकं कधी परत या. अपाचीत मॉड-रीराईटच्या चार ओळी. स्वतःचा आयपी वगळा, पानाची फाईलही वगळा, नाहीतर तीच अडकते. पान साधं एचटीएमएल ठेवा. (जो डेटाबेस दुरुस्तीला काढलाय त्यातूनच हे पान आणणारे महाभाग आहेत!) ब्राउझर ते हेडर माणसाला दाखवत नाही, म्हणून तीच वेळ पानावर मराठीत, ठळक.

त्याऐवजी आपण काय देतो? २००, म्हणजे 'सगळं ठीक'. मग शोधयंत्र बिचारं दुरुस्तीचंच पान साठवून ठेवतं. ३०१ तर त्याहून वाईट. ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि साईट सुरू झाली तरी केंद्रातला संगणक दातेरी चाकंच फिरवत बसतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "वेळ लिहिली आणि चुकली तर साहेब ओरडतात." चुकू द्या की! नांदेड स्टेशनात गाडी एक तास उशिरा म्हणून सांगतात, मग दोन तास होतात. लोक शिव्या देतात, पण चहा प्यायला जायचं की नाही ते ठरवू शकतात. फलक कोरा ठेवा म्हणून कुणी मागणी करत नाही.

असो. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशीच दुरुस्ती काढणार असाल, तर मुदत किती वाढवली तेही त्याच पानावर छापा.