पुरावा आपल्या खिशात राहिला पाहिजे



मागच्या जिल्हा बैठकीत दोन तास एका विषयात गेले. तो कापसाचा भाव नव्हता, विजेचे बिलही नव्हते. विषय होता फोटो. गावशाखेच्या वर्गणीतून पिकाचे फोटो काढायला खिशात मावणारा कॅमेरा घ्यायचा की बरा स्मार्टफोन घ्यायचा, यावर इतकी तोंडातोंडी झाली की चहा थंड झाला. मागच्या रांगेतले म्हातारे हसले. कपाशीला पाणी नाही, ज्वारीला भाव नाही, आणि ही पोरं फोटोवर भांडताहेत, म्हणाले.

त्यांचे हसणे निम्मे खरे आहे. फोटोने पीक येत नाही. पण पीक गेले हे सिद्ध करायला आता फोटो लागतो, आणि सिद्ध करण्याचा भार सरकारने गुपचूप आपल्या डोक्यावर ठेवला आहे. म्हणून हा वाद क्षुल्लक नाही असे आम्ही मानतो, आणि बैठकीत जे धड बोलता आले नाही ते इथे लिहितो.

पूर्वी काय होते? पैसेवारी होती. तलाठी, मंडल अधिकारी शिवारात आले तर आले, नाहीतर चावडीवर बसून नजर पैसेवारी लागायची. पन्नास पैशांच्या वर की खाली, एवढ्यावर गावाच्या दुष्काळाचा निकाल. ती पद्धत लबाडीची होती, पण निदान काम त्यांचे होते आणि शिव्या त्यांना देता येत होत्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. सातबाऱ्यावर पीक चढवण्यासाठी शेतकऱ्याने स्वतःच्या फोनवर ॲप घ्यायचे, स्वतःच्या शेतात उभे राहायचे, स्वतः फोटो काढायचा. तलाठ्याचे काम आपल्या हातात आले, पगार मात्र तिकडेच राहिला. २०२५ साली भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. त्या हंगामाचा हमीभाव होता मध्यम धाग्याला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. म्हणजे ज्याच्याकडे फोन नाही, त्याला तो भाव मागायलासुद्धा कुणाच्या तरी पोराच्या पाया पडणे आले.

आणि त्याच वर्षी, १९ ऑगस्ट २०२५ रोजी, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढून टाकले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. ऐन वेचणीत. त्या निर्णयापूर्वी कुणाच्या बांधावर जाऊन फोटो काढला होता? आपल्या एका एकराचा पुरावा लागतो, त्यांच्या लाखो गाठींना लागत नाही. असो. हे विषयाला सोडून झाले, पण मनात आल्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आता कॅमेरावाल्यांचे म्हणणे. ते आम्ही खोडसाळपणे मांडणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. खिशातल्या कॅमेऱ्याला खरा झूम असतो, भिंग पुढे सरकते. स्वस्त फोनचा झूम म्हणजे तोच फोटो ताणून मोठा केलेला. बोंडातली गुलाबी अळी त्यात नुसता ठिपका दिसते. २०१७ साली बोंडअळीने आपली वाट लावली तेव्हा फोडलेले बोंड आणि आतली अळी स्पष्ट दाखवणारे फोटो ज्यांच्याकडे होते, ते आजही बघवत नाहीत इतके स्पष्ट आहेत. कॅमेऱ्यात फोन येत नाही, कर्जवाल्याचा निरोप येत नाही, पोरं त्यावर खेळत बसत नाहीत. फोटो कार्डात राहतो. कार्ड काढून पाकिटात घालून सही करून ठेवता येते, बियाण्याची पिशवी ठेवतो तसे. शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे, त्याकडे पुन्हा येऊ.

पण आमच्याच एका शाखेने हा प्रयोग केलेला आहे. कुणा पाहुण्याने दिलेला जुना कॅमेरा होता. २०२३ च्या जुलैत नाल्याचे पाणी कपाशीत शिरले, गुडघाभर गाळ बसला. आम्ही हौसेने चाळीस फोटो काढले. मधल्या काळात कॅमेऱ्याची बॅटरी पार उतरली होती, त्यामुळे त्याचे घड्याळ मागे, पहिल्या दिवसावर गेलेले. फोटोच्या कोपऱ्यात तारीख उमटली ती बारा वर्षांपूर्वीची. नुकसान पाहायला आलेला माणूस हसला आणि म्हणाला, ही नुकसानभरपाई तुमच्या वडिलांनी मागायला हवी होती. आम्ही रागावलो, पण उत्तर नव्हते. शिवाय त्या कॅमेऱ्याचे पुढे-मागे होणारे भिंग पुढच्या वेचणीत अडकले ते कायमचे. काळी धूळ आणि कापसाचा तूस यांपुढे ती नाजूक दांडी टिकत नाही. दुरुस्तीला नेला तर दुकानदार म्हणाला, आता याचे सुटे भाग कोण ठेवतो? २०१० साली जगभर बारा कोटींवर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून निघाले होते, त्यातले बहुतेक खिशातलेच. फोनने तो धंदा खाल्ला. तालुक्याच्या गावी जे दुरुस्त होत नाही, ते कोरडवाहू शेतकऱ्याने विकत घेऊ नये. नांगरालाही आपण हाच नियम लावतो.

याहून मोठे कारण आहे. सरकारच्या ॲपला कॅमेऱ्यातला फोटो चालत नाही. ई-पीक पाहणीचा फोटो ॲपमधूनच काढावा लागतो, तोही गटाच्या ठरावीक अंतराच्या आत उभे राहून. फोटो किती छान आला याच्याशी त्याला देणेघेणे नाही. तो कुठे काढला आणि केव्हा काढला, एवढेच विचारतो. कॅमेऱ्याला केव्हा ते माणसाने सांगावे लागते, आणि बहुतेक कॅमेऱ्यांना कुठे ते कळतच नाही. फोन वेळ नेटवर्ककडून घेतो आणि जागा आकाशातल्या उपग्रहांकडून. इथे एक गैरसमज काढून टाकू. रेंज नसली की जागा लागत नाही असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. उपग्रहाला टॉवर लागत नाही. रेंज नसेल तर पहिल्यांदा जागा सापडायला थोडा जास्त वेळ जातो, एवढेच. उघड्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटे थांबा, मग फोटो काढा. मोकळ्या रानात साध्या फोनचीही चूक साधारण पाच मीटरच्या आसपास असते. एक एकर चौकोनी धरला तर त्याची बाजू सुमारे ६४ मीटर. म्हणजे शेताच्या मधोमध उभे राहिलात तर कुणी म्हणू शकणार नाही की हा फोटो शेजाऱ्याच्या बांधातला आहे. धुऱ्यावर उभे राहून काढलात तर म्हणेल.

म्हणून आमचा कौल फोनला आहे. गावशाखेने एक फोन घ्यावा, कार्डाची खाच असलेला, बॅटरी दिवसभर टिकणारा. झूमच्या नादी लागू नये. अळीचा फोटो हवा तर बोंड फोडून हातावर घ्या आणि फोन जवळ न्या.

पण फोनवाल्यांनी लगेच मिशीला ताव देऊ नये. बैठकीत जी पोरं जोरजोरात 'फोन, फोन' ओरडत होती, त्यांतल्या एकानेच मागच्या वर्षी केलेला घोळ सर्वांना माहीत आहे. शेतात फोटो काढला, गावच्या ग्रुपवर टाकला, फोनमधली जागा भरली म्हणून मूळ फोटो पुसून टाकला. पुढे एका कार्यालयात ग्रुपवरचा फोटो दाखवला तर त्यात ना वेळ, ना जागा. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लहान होतो आणि त्यात दडलेली तारीख-जागेची नोंद गळून पडते. राहते ते नुसते चित्र. ते कुठल्याही गावाचे, कुठल्याही सालाचे असू शकते. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि मूळ फोटो पुसू नका. फोटोवर अक्षांश-रेखांश छापणारी ॲपे पुष्कळ निघाली आहेत. ती वापरा, पण त्यांच्यावर विसंबू नका. छापलेले आकडे खोटे पाडता येतात, हे समोरच्यालाही ठाऊक असते.

मूळ जपण्याचे महत्त्व ऐकायचे असेल तर आपल्या जालन्याचा दाखला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचा निकाल २९६ मतांनी लागला. पुढे वाद गेला तो उमेदवारी अर्ज मुदतीत आला की नाही यावर, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. मागणाऱ्याने वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी त्या चित्रीकरणाचे प्रमाणपत्र दिले नाही. प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की मूळ साधनच कोर्टात हजर केले आणि ज्याचे ते आहे तो साक्षीला उभा राहिला तर प्रमाणपत्राची गरज नाही; नक्कल दाखवायची तर प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे तर प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, एक साधन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. तहसीलमध्ये हे कुणी मागणार नाही. पण बियाणे बोगस निघाले आणि कंपनीशी गाठ पडली तर नक्की मागतील. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे. तिथे कंपनीचा वकील पहिला प्रश्न विचारेल: हा फोटो कुठून आला?

कॅमेरावाल्यांचा पाकिटातल्या कार्डाचा मुद्दा इथे लागू पडतो. तो त्यांच्याकडून घ्या आणि फोनला लावा. फोटो कार्डावर साठवायचे, हंगाम संपला की कार्ड बाहेर काढायचे, पाकिटात घालून दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, नवे कार्ड घालायचे. ज्याने फोटो काढला त्याचे नाव वहीत लिहायचे, कारण उद्या साक्षीला तोच उभा राहणार आहे.

आता सरकारशी जे भांडण आहे ते. आपण ॲपमध्ये फोटो काढतो, तो त्यांच्याकडे जातो. आपल्याकडे काय राहते? एक हिरवी खूण. उद्या त्यांच्या यंत्रात कपाशीच्या जागी सोयाबीन चढले तर आपण काय दाखवायचे? म्हणून ॲपमधल्या प्रत्येक फोटोबरोबर तोच फोटो फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यानेही काढा. आणि मागणी करा की ॲपने घेतलेल्या प्रत्येक फोटोची वेळ-जागेसह प्रत शेतकऱ्याला मिळालीच पाहिजे. बाजार समितीत मापाची पट्टी मिळते, इथे का मिळू नये?

विम्याचा अनुभव तर सगळ्यांचा ताजा आहे. २०१६ पासूनच्या पीक विमा योजनेत स्थानिक आपत्ती आली की ७२ तासांत कळवा, असे आपल्याला घोकून घोकून शिकवले. पोरं शिकली, ॲप चालवू लागली, दावे जाऊ लागले. आणि २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयाचा विमा बंद केला, कपाशीला ५ टक्के हप्ता लावला, आणि स्थानिक आपत्तीची ती खिडकीच बंद करून भरपाई पीक कापणी प्रयोगावर नेली. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात माती खरडून गेली. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून रानटी जनावरांच्या नुकसानीला संरक्षण मिळणार, ७२ तासांत ॲपवर जागेची नोंद असलेले फोटो टाकायचे. कोणती जनावरे आणि कोणते जिल्हे ते राज्याने ठरवायचे. दरवाजा एक हंगाम उघडा, एक हंगाम बंद. कोणता नियम उद्या असेल हे आपल्या हातात नाही. म्हणून नियम काहीही असो, फोटो काढायचे थांबवायचे नाही. भरपाई कापणी प्रयोगावर ठरणार असेल तर प्रयोगाच्या दिवशी तिथे हजर राहा. प्लॉट कुठे आखला, वजन किती भरले, काटा कोणता, सगळ्याचे फोटो घ्या. रोही आणि डुकरांचे नुकसान असेल तर जनावर टिपायच्या मागे रात्रभर जागू नका. सकाळी पावलांचे ठसे, मोडलेली ताटे, खाल्लेली कणसे टिपा, बाजूला विळा किंवा काडेपेटी ठेवा म्हणजे माप कळते. आधी लांबून सगळे रान, पाठीमागे ओळखू येईल अशी विहीर किंवा झाड, मग जवळून. उगवण झाली नाही तर रिकाम्या सरीत पिशवी, तिचे लेबल आणि पावती ठेवून फोटो घ्या.

एक गोष्ट बैठकीत बायकांनी सांगितली आणि पुरुषांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. फोन घरच्या पुरुषाच्या खिशात असतो, रानात दिवसभर असते ती बाई. गारा पडतात तेव्हा फोन तालुक्याला चहा पीत असतो. शाखेचा फोन घ्यायचा तर तो अध्यक्षाच्या घरी शोभेला ठेवायचा नाही. तो वेचणीला जाणाऱ्या गटातल्या एका बाईकडे राहील, तिला चालवायला शिकवायचे, आणि रिचार्ज वर्गणीतून. हे ज्या शाखेला पटत नसेल तिने फोन घेऊच नये.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावशाखेने तीन गोष्टी आणाव्यात: वर्गणीचा हिशेब, फोन कुणाकडे राहील तिचे नाव, आणि या हंगामात घेतलेल्या फोटोंची वही. ज्यांच्याकडे चालू कॅमेरा आहे त्यांनी तो विकू नये. घड्याळ लावून आणावा.