रिपोर्ट लिहिणारा हात शिकत राहिला पाहिजे

सापगावच्या आपल्या वस्तीत विदर्भातून कामधंद्यासाठी आलेले एक कुटुंब राहते. थोरल्या मुलीचे लग्न ठरले होते. तिला सारखा थकवा येई म्हणून आईने तिचे रक्त तपासून घेतले. कागदावर लिहून आले, ‘सिकलसेल पॉझिटिव्ह’. पुढे एक शब्दही नाही. आठ दिवसांत पाहुण्यांचा निरोप आला आणि सोयरीक मोडली.

आई तो कागद घेऊन आमच्याकडे आली. “ताई, पोरीला मोठा आजार आहे म्हणतात. खरं काय ते तुम्ही सांगा.” कागद पाहिला. केलेली चाचणी सोल्युबिलिटीची होती. ही चाचणी म्हणजे नुसती चाळणी. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढेच ती सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. ती करून घेतली. मुलगी वाहक निघाली, आणि वाहक म्हणजे आजारी नव्हे. होणारा नवराही वाहक नाही ना, एवढे मात्र पाहायचे. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. मुलीचा थकवा लोहाच्या कमतरतेचा होता, तो गोळ्यांनी गेला. मोडलेली सोयरीक मात्र पुन्हा जुळली नाही.

त्या लॅबमध्ये आम्ही भांडायलाच गेलो होतो. तिथली टेक्निशियन आपल्यासारख्याच घरातली, कर्ज काढून डीएमएलटी केलेली. ती म्हणाली, “सिस्टर, डिप्लोमा होऊन बारा वर्षं झाली. त्यानंतर मला कुणी एका दिवसाच्या ट्रेनिंगलाही पाठवलं नाही. नळीतलं गढूळ झालं की पॉझिटिव्ह लिहायचं, एवढंच मला माहीत.” भांडण तिथेच संपले. चूक तिच्या हातून झाली होती, पण त्या हाताला बारा वर्षे कुणी काही शिकवले नव्हते.

महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट तास दाखवावे लागतात. आम्हा नर्सेससाठी भारतीय परिचर्या परिषदेने पाच वर्षांत 150 तासांचे निरंतर शिक्षण ठरवले आहे. सुरुवातीला आम्हीही कुरकुर केली. ड्यूटी करायची, घर सांभाळायचे आणि वर हे वर्ग. पण अशाच एका वर्गात कळले की जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त लाल टोपणाच्या नळीत ओतले तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते आणि कॅल्शियम कमी दिसते. रक्त कमी पडले की आम्ही असे ओतत होतो. कुणी शिकवले नसते तर आजही ओतत राहिलो असतो.

लॅबच्या माणसांचे काय? 2021 साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. प्रयोगशाळेतले कर्मचारीही त्यात येतात. त्यांची नोंदवही, त्यांच्या शिक्षणाचा दर्जा ही कामे कायद्याने आयोगावर आणि राज्य परिषदांवर सोपवली आहेत. हे चांगलेच झाले. पण नोंदवहीत नाव चढणे वेगळे आणि दरवर्षी काही नवे शिकायला मिळणे वेगळे. शहापूर-मुरबाडकडच्या ज्या टेक्निशियनशी आम्ही बोललो, त्यांतल्या बहुतेकांनी परिषद म्हणून काही असते हे फक्त ऐकले आहे.

काही जण म्हणतात, “कॉन्फरन्समध्ये काय असतं? बॅग, जेवण आणि कंपन्यांचे स्टॉल.” यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. मोठ्या शहरातल्या हॉटेलात दोन दिवस भाषणे ऐकायची, त्याची फी भरायची, आणि कंत्राटी असेल तर त्या दोन दिवसांचा पगारही सोडायचा. आपल्या तालुक्यातली मुलगी तिथे कशी जाणार? म्हणून शिकणेच नको, असा याचा अर्थ होत नाही. शिकवणे तालुक्यात यावे, हाताने करून दाखवणारे असावे.

सिकलसेलचेच घ्या. या चाचणीचे रसायन जुने झाले तर निकाल चुकतो. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर सिकल असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळावर तिचा भरवसा धरता येत नाही. पॉझिटिव्ह आले की ‘ही प्राथमिक चाचणी आहे, पुढची तपासणी करावी’ असे लिहायचे. एवढे शिकवायला एक दिवस पुरतो. त्या एका दिवसाने आपल्या वस्तीतली ती सोयरीक वाचली असती.

दुसरा मार्ग परीक्षेसारखा आहे. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज देशभरातल्या लॅबना एकच नमुना पाठवते. प्रत्येक लॅब तो तपासून आकडा कळवते आणि आपण इतरांच्या तुलनेत कुठे चुकलो ते तिला कळते. अशा निकालांवर तालुक्यातल्या टेक्निशियननी महिन्यातून एकदा एकत्र बसून बोलायला हॉटेलही लागत नाही.

सिकलसेल हा फक्त आदिवासींचा आजार, असे समजू नका. विदर्भात आपल्या बौद्ध समाजातही तो मोठ्या प्रमाणावर आहे. इकडे कातकरी, ठाकूर, वारली शेजारी आहेतच. 1 जुलै 2023 रोजी केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असे त्याचे लक्ष्य आहे. या सगळ्या नळ्या कुणाच्या हातून जाणार? रक्ताच्या आजारांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. आसनगावहून लोकलने तिथे एका दिवसात जाऊन येता येते. तिथले ज्ञान शहापुरात आणायला फक्त कुणीतरी मागणी करायला हवी.

ती मागणी आपण करायची. ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत तीन गोष्टी मांडा. सरकारी असो वा कंत्राटी, प्रत्येक टेक्निशियनला वर्षातून किमान दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळावे. ते दिवस ड्यूटी म्हणून धरावेत, पगार कापू नये. आणि हे प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, मराठीत व्हावे. खाजगी लॅबमध्ये गेलात तर विचारा, ही चाचणी प्राथमिक आहे की पक्की? विचारायला लाजू नका आणि समोरच्याचा अपमानही करू नका.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासण्या मोफत झाल्या. पण फुकट मिळालेला चुकीचा रिपोर्ट गरिबालाच महाग पडतो. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, ते काही एका सर्टिफिकेटपुरते नव्हते. आपले रक्त ज्याच्या हातात देतो, त्याचे शिक्षण चालू आहे की नाही, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

जय भीम.