शेळी जाते जिवानिशी

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठीत एक लेखनप्रकार चांगलाच रुजला आहे. समीक्षेने त्याला अद्याप नाव दिलेले नाही; या लेखापुरते आपण त्याला 'परतीचे ललित' म्हणू. मुंबई-पुण्यातली नोकरी सोडून, किंवा निवृत्तीनंतर, कोकणातल्या एखाद्या वाडीत जाऊन राहिलेला लेखक त्यात आपल्या नव्या आयुष्याविषयी लिहितो. चिऱ्याचे घर, शेणाने सारवलेले खळे, झावळ्यांतून उतरणारे ऊन, चार गावठी कोंबड्या, दोन शेळ्या, एक गाय. दिवाळी अंकांना हा मजकूर आवडतो, वाचकांनाही आवडतो. माझी त्याविरुद्ध तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे: या लेखनात रात्र नसते. असलीच तर ती चांदण्यांची असते. गोठ्याचे दार कोणी लावले, कडी कसली होती, छपराखाली किती फट उरली होती, याविषयी त्यात अवाक्षर नसते. ज्याने शेळी पाळली आहे त्याला मात्र रात्री पडल्या पडल्या ती फटच आठवत असते.

'शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड' ही म्हण आपण सगळेच वापरतो. तिच्यातला खाणारा म्हणजे बिबट्या असे कोणी समजत नाही. तो माणूस आहे, चवीविषयी मत असलेला माणूस. ग्रामजीवनावरचे मराठी ललित वाचणारे आणि लिहिणारे आपण बहुतेक त्याच पंगतीला बसलेले आहोत.

शेळी मेली की या लेखनाला दोनच स्वर सापडतात. पहिला वर्तमानपत्राचा: 'बिबट्याचा धुमाकूळ', 'परिसरात दहशत', 'पिंजरा लावण्याची मागणी'. दुसरा निसर्गप्रेमाचा: तो त्याच्या घरी आहे, आपणच पाहुणे आहोत, एक शेळी गेली तर एवढे काय. दोन्ही स्वर एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. दोन्ही मिळून गोठ्याकडे पाहायचे टाळतात. पहिल्याच्या मते सारा दोष जनावराचा, दुसऱ्याच्या मते दोषच नाही. ज्याला आपण हलगर्जी किंवा दक्षता म्हणतो, त्या मानवी व्यवहाराला दोघांच्याही भाषेत जागा नाही.

वाङ्मयाच्या इतिहासात ही फारकत नवी नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हर्जिलने आधी 'एक्लॉग्ज' रचली. त्यांत गुराखी झाडाखाली बसून गातात. पुढे त्याने 'जॉर्जिक्स' रचले. त्याच्या तिसऱ्या भागात गुरे, मेंढ्या, त्यांचे रोग, त्यांचे गोठे आणि लांडग्यापासून राखण करणारे कुत्रे यांचा विचार आहे. आपल्याकडे ऋग्वेदातला पूषन् हा वाटांचा आणि गुरांचा राखणदार देव. वाटेवरच्या लांडग्याला हाकलून दे, असे मागणे त्याच्यापाशी केलेले आहे. म्हणजे राखण हा काव्याचा जुना, प्रतिष्ठित विषय आहे. परतीच्या ललिताने 'एक्लॉग्ज' तेवढी उचलली आणि 'जॉर्जिक्स' बाहेर ठेवले. व्यंकटेश माडगूळकर किंवा मारुती चितमपल्ली यांच्याविषयी असे म्हणता येणार नाही. 'बनगरवाडी'तला मास्तर बाहेरून येतो, आणि मेंढरांवर जगणाऱ्या वस्तीची रीत शिकूनच तिथला होतो. ही परंपरा आपल्यापाशी असताना आपण तिच्याकडून फक्त वातावरण घेतले, हे अधिक खेदाचे.

आता ज्याला मी गोठ्याचे ज्ञान म्हणतो ते काय असते, हे थोडे सांगायला हवे. कारण साहित्याच्या वर्गात ते शिकवले जात नाही. कोकणात नव्याने राहायला आलेला माणूस कोंबड्यांसाठी बाजारातली षट्कोनी पातळ तारेची जाळी आणतो. ती जाळी कोंबडीला आत ठेवते. बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. मुंगूस जमिनीखालून उकरतो, कांडेचोर छपरावरून येतो, आर (म्हणजे अजगर) डोके शिरेल तिथून अंगही आत घेतो आणि कोंबडी गिळल्यावर बाहेर पडता न आल्याने सकाळी तिथेच सापडतो. म्हणून जाळी वेल्ड केलेल्या जाड तारेची हवी, तिचा काठ जमिनीत पुरलेला हवा, वरची बाजूही बंद हवी. बिबट्या भिंत चढतो, नुसती कौले सरकवू शकतो. म्हणून शेळ्यांच्या गोठ्याला चिऱ्याची भिंत असून भागत नाही, भिंत आणि छप्पर यांच्यामधले अंतर लोखंडी जाळीने बुजवावे लागते आणि दाराला बाहेरून भक्कम कडी लागते. शेळ्या दिवस मावळण्यापूर्वी आत याव्या लागतात. गोठ्याभोवतीची झुडपे तोडावी लागतात. विहिरीला कठडा बांधावा लागतो. कोंबडी सोललेली घाण उघड्यावर टाकायची नसते, कारण तिच्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. यांतली एकही गोष्ट फार महाग नाही. प्रत्येक गोष्ट रोज करावी लागते, एवढीच तिची किंमत.

हे ज्ञान गावाकडे होते आणि आहे. धनगर रात्री मेंढ्यांभोवती जे जाळे लावतात त्याला 'वाघर' म्हणतात. ऐकणाऱ्याला त्या शब्दात वाघ दिसतो. पण त्याचे मूळ संस्कृत 'वागुरा', म्हणजे जाळे. व्युत्पत्ती शिकवणाऱ्या अध्यापकांनी हा शब्द फळ्यावर जरूर लिहावा. मात्र त्या जाळ्याच्या आत मेंढ्या असतात आणि बाहेर कुत्री व जागा माणूस असतो, हेही सांगावे. एरवी तो शब्द फक्त कोशातला उरतो.

या ज्ञानाने फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजला गेला आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या शेतीच्या, दाट वस्तीच्या खोऱ्यात केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे तिथे, माणसांच्या मधोमध, राहत असल्याचे त्यातून दिसले. पुढच्या वर्षी त्यांच्या आहाराचा अभ्यास आला. बिबट्यांच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के पाळीव प्राणी होते. त्यांत कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के, शेळ्यांचा अवघा ११ टक्के. आणि त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सातपट होती! शेळ्या दिवसा राखणीत चरतात आणि रात्री कोंडल्या जातात, कुत्री मोकळी हिंडतात. हा आकडा मला कोणत्याही निसर्गकवितेपेक्षा अधिक बोलका वाटतो. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांनी रोज संध्याकाळी लावलेल्या दारांची ती बेरीज आहे.

उलट पिंजऱ्याचा हिशेबही उपलब्ध आहे. जुन्नर परिसरात २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम झाली. त्यापूर्वी तिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेच्या काळात ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर आपल्या जागेकडे परतू पाहते, वाटेत माणसाला सामोरे जाते. हे सगळे छापून आलेले आहे, तरी पहिली कोंबडी गेली की नवागताची पहिली मागणी पिंजऱ्याची असते. आणि इथे एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. त्याची मागणी ऐकली जाते. त्याच्यापाशी अधिकाऱ्याचा फोन नंबर असतो, वार्ताहराची ओळख असते, अर्ज लिहिण्याची भाषा असते. शेजारच्या वाडीतली बाई आपली मेलेली शेळी जागेवरून न हलवता वनरक्षकाची आणि पंचनाम्याची वाट पाहत बसते. त्याच्या बारा कोंबड्या गेल्या की त्यांचा लेख होतो. तिची एक शेळी गेली की मुलाची वर्षाची फी जाते, आणि त्यावर कोणी लिहीत नाही. त्यातून बिबट्याला त्या वाडीत आणणारी कुत्री नवागताच्याच उकिरड्यावर पोसलेली असली, तर मग काय बोलावे!

यावर आक्षेप येईल की गोष्ट शेळ्यांपुरती राहिलेली नाही. हा आक्षेप खरा आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मेली, त्यांत मुले होती. माणसावर हल्ला करणाऱ्या जनावराचा बंदोबस्त करावाच लागतो. त्या आईबापांना सहजीवनावर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण म्हणूनच साध्या चोरीला आणि माणसावरच्या हल्ल्याला 'धुमाकूळ' हा एकच शब्द वापरणे घातक आहे. बंद खुराड्यात शिरलेला बिबट्या दहा जनावरे मारून एकच नेतो, तेव्हा आपण त्याला क्रूर म्हणतो. त्याच्यासमोर भेदरून धडपडणारी, पळायला वाट नसलेली भक्ष्ये असतात. ती हलत राहतात तोवर त्याची झडप थांबत नाही. त्यात सूड नाही, हैदोस नाही. ती आपल्या बांधकामातली चूक आहे. शब्दांच्या अर्थच्छटा शिकवणाऱ्या विभागांना हा भेद परका वाटू नये.

दुसऱ्या स्वराचीही झाडाझडती घेतली पाहिजे. सिंधुदुर्गाच्या सीमेपलीकडे, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातल्या गोळावली गावी जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषप्रयोग झाला होता. त्याआधी गुरे मारली गेली होती, आणि अटक झाली ती गुरे पाळून जगणाऱ्या धनगर-गवळी कुटुंबातल्या माणसांना. वाघिणीसाठी शोक झाला. तो योग्यच होता. तो गुन्हा होता, त्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण त्या गुरांचा हिशेब कोणाच्या स्मरणात आहे? जंगलखात्याने चराऊ रान कसे गिळले याची तक्रार जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये १८८३ सालीच मांडली होती. 'एक गाय गेली तर एवढे काय' हे वाक्य ज्याची ती गाय आहे त्यानेच म्हटले तर औदार्य ठरते. दुसऱ्याने म्हटले तर ते फुकटचे दान असते. असल्या दानातून विष तयार होते.

मग वाघोबाचे काय, असे कोणी विचारील. वारली, महादेव कोळी, ठाकर या समाजांची वाघोबाची भक्ती हल्ली अभ्यासकांना फार प्रिय झाली आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत वाघोबाची दीडशेहून अधिक देवस्थाने नोंदली गेली आहेत. अकोल्याकडे वसुबारसेच्याच दिवशी वाघबारस पाळतात. गाय आणि वाघ यांना एकच तिथी देणारी ही बुद्धी थोर आहे यात शंका नाही. पण तिला भाबडे समजू नये. 'वाघ म्हटले तरी खातो, वाघोबा म्हटले तरी खातो' ही म्हणही याच मातीतली आहे. वाघोबाला नैवेद्य दाखवणारा माणूस घरी येऊन गोठ्याचे दार उघडे टाकत नाही. नैवेद्य आणि कडी या एकाच शहाणपणाच्या दोन बाजू आहेत. आपण नैवेद्याचे प्रबंध लिहिले आणि कडी विसरलो.

आता पिंगुळीविषयी. कुडाळजवळच्या या गावी साहित्याचे विद्यार्थी जातात ते चित्रकथी पाहायला. ठाकर समाजाने जपलेल्या त्या पोथ्या, त्या कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या पाहायलाच हव्यात. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले, हे पुष्कळांना ठाऊक असते. कलेला राजाश्रय उरला नाही तेव्हा तिला गोठ्याने आसरा दिला, ही त्या घराची थोरवी. पण ती पाहायला गेलेल्या आपल्यापैकी किती जणांनी पलीकडच्या, अजून जनावरे असलेल्या गोठ्याचे दार निरखले? चित्रकथीत रामायण सांगितले जाते. वनवासाला निघालेली ती तिघे म्हणजे नगर सोडून रानात आलेले नवागतच. त्यांत पर्णशाळा बांधतो तो लक्ष्मण, आणि लोकपरंपरेच्या म्हणण्याप्रमाणे चौदा वर्षे जागतो तोही लक्ष्मण. सुवर्णमृगाच्या सौंदर्यावर आपण पुरेसे लिहिले आहे. जागणाऱ्यावर कोणी लिहिणार की नाही?

माझे मागणे साधे आहे. परतीचे ललित लिहिणाऱ्यांनी लिहीत राहावे, पण त्यात दाराची मापे येऊ द्यावीत. शेजारणीला विचारून गोठा बांधला असेल तर तिचे ऋण लेखात मान्य करावे. अध्यापकांनी ग्रामीण साहित्याचा तास घेताना एकदा तरी विचारावे की या कथेतली जनावरे रात्री कुठे असतात. उत्तर मिळाले नाही तर ती कथेतली उणीव म्हणून नोंदवावी. वाघबकरीच्या जुन्या पटावर वाघाला मारता येत नाही. बकऱ्या जिंकतात त्या एकमेकींना लागून बसून, एकेक वाट बंद करीत. हा खेळ ज्यांनी रचला त्यांना गोठा ठाऊक होता. आपल्याला तो ठाऊक होईपर्यंत गावाविषयी लिहिताना आपण थोडे कमी प्रसन्न असावे.