पाट्यांपलीकडची कॅटलान

स्पेनची सहल बार्सेलोनाशिवाय पुरी होत नाही. साग्रादा फामिलिया पाहायचे, ला रांब्लावर फेरफटका मारायचा आणि पुढचा मुक्काम गाठायचा. या घाईत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. मेट्रोतल्या सूचना, रस्त्यांची नावे, सरकारी शाळांतले शिकवणे ज्या भाषेत चालते, ती स्पॅनिश नाही. ती कॅटलान आहे.

तिला स्पॅनिशची बोली म्हणणे सपशेल चूक. दोघी लॅटिनच्या लेकी, पण वेगवेगळ्या वाढल्या. रामोन ल्युल तेराव्या शतकातच कॅटलानमध्ये तत्त्वज्ञान लिहीत होता. शेजारच्या चिमुकल्या अँडोराची तर ती एकमेव राजभाषा आहे.

१७१४ मध्ये स्पेनच्या राजाच्या फौजांपुढे बार्सेलोना पडले आणि पुढे कॅटलान राज्यकारभारातून हटवली गेली. १९३९ नंतर हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने तिला शाळा-कचेऱ्यांतूनही हुसकावले. ती घराघरांत तगली, परदेशी गेलेल्या लेखकांनी जपली. मेर्से रोदोरेदाची १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेली गाजलेली कादंबरी जिनिव्हात लिहिली गेली. १९७९ मध्ये कॅटलोनियाला, म्हणजे बार्सेलोना ज्याची राजधानी आहे त्या प्रांताला, स्वायत्तता परत मिळाली; १९८३ मध्ये भाषेचा कायदा आला आणि त्याच वर्षी कॅटलान दूरचित्रवाणीही सुरू झाली.

एवढे होऊनही चिंता मिटलेली नाही. कॅटलोनिया सरकारच्याच पाहणीनुसार रोजच्या व्यवहारात मुख्यतः कॅटलान वापरणारे २००३ मध्ये ४६ टक्के होते; २०२३ मध्ये ते जेमतेम ३३ टक्क्यांवर आले. बाहेरून आलेल्या लोकांमुळे लोकसंख्या वाढली, हे त्याचे मोठे कारण. दुसरे कारण सौजन्याचे आहे. बेकरीत दोन गिऱ्हाइके आणि काउंटरवरची बाई कॅटलानमध्ये बोलत असतात; परका चेहरा आत आला की ती चटकन स्पॅनिशवर येते. मुंबई-पुण्याच्या मराठी माणसाला ही सवय समजावून सांगायला नको. पण नवागताशी कुणी कॅटलान बोललेच नाही, तर तो ती शिकणार कुठून? कायदा शाळेपर्यंत पोहोचतो, काउंटरपर्यंत नाही. म्हणूनच प्रवाशाने आत शिरताना म्हटलेल्या साध्या ‘बॉन दिया’ या कॅटलान अभिवादनाला आम्ही किरकोळ मानत नाही. त्या काउंटरवर कॅटलान ऐकून घ्यायला कुणी परका तयार आहे, एवढे तरी त्यातून कळते.

सहलीची तारीख आपल्या हातात असेल तर २३ एप्रिल गाठावा. तो सांत जॉर्दीचा दिवस. सुट्टी नसते, तरी कामावरून सुटलेली माणसे रस्त्यावर लोटतात. फुटपाथभर पुस्तकांची आणि गुलाबांची टेबले मांडलेली असतात, लेखक सह्या देत बसतात, प्रियजनांना पुस्तक आणि गुलाब दिला जातो. युनेस्कोने जागतिक पुस्तक दिनासाठी हीच तारीख घेतली, त्यामागे या प्रथेचीही प्रेरणा होती. त्या टेबलांवर स्पॅनिश पुस्तकेही असतात. आपण कॅटलान कोणती, असे विचारावे. विक्रेते हौसेने काढून दाखवतात.