आजी-आजोबा बर्फावर जाताना

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापक सपत्नीक दवाखान्यात आले. वय ७१, रक्तदाब पंधरा वर्षांचा जुना, साखर अलीकडची. मुलगा फ्रान्समध्ये ल्यों शहरी नोकरीला. फेब्रुवारीत नातवाला शाळेची सुटी, म्हणून आल्प्स पर्वतात आठवडाभराची स्कीइंगची सहल ठरली होती आणि आईबाबांनी यायचेच, असा मुलाचा आग्रह होता. त्यांना माझ्याकडून तीन महिन्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी हवी होती, एवढेच. ती लिहून होत आली असताना काकू सहज म्हणाल्या, "पर्वतीच्या पायऱ्या चढताना हल्ली हे मध्येच दोनदा थांबतात. विचारलं तर म्हणतात, पुणं बघतोय." त्यावर काकांनी त्यांच्याकडे जो कटाक्ष टाकला, तसा कटाक्ष मी आजवर कितीतरी वेळा पाहिला आहे. मी पेन खाली ठेवले.

पुढचे थोडक्यात सांगते. इसीजी, ट्रेडमिल टेस्ट आणि मग अँजिओग्राफी झाली. हृदयाची एक प्रमुख रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली होती. स्टेंट बसला आणि फेब्रुवारीची सहल रद्द झाली. "मुलानं पैसे भरले होते, डॉक्टर. आपण मोडता घालायचा तरी कसा?" हे त्यांचे स्पष्टीकरण.

वाचकहो, परदेशी असलेल्या मुलांकडे हिवाळ्यात जाणारे आणि तेथून बर्फात नेले जाणारे आजी-आजोबा आता माझ्या दवाखान्यात दरवर्षी दिसतात. जाऊ नका, असे मी सहसा म्हणत नाही. चार वर्षांपूर्वी बहिणीच्या कुटुंबासह मीही आठवडाभर फ्रान्समधील शामोनी या गावी राहिले आहे. तेव्हा ७६ वर्षांची माझी आई सोबत होती आणि त्या सहलीबद्दल ती आजही बोलते. परंतु घरातील सर्व वयांच्या माणसांची सहल आखताना बहुतेक मुले एकच गोष्ट पाहतात, ती म्हणजे बर्फ कोठे भरपूर आहे. ज्येष्ठांच्या दृष्टीने पहिला प्रश्न निराळा असतो: रात्री झोपायचे किती उंचीवर?

काकांच्या मुलाने निवडलेले व्हाल तोरांस हे गाव समुद्रसपाटीपासून २,३०० मीटर उंचीवर आहे. युरोपातील सर्वांत उंचावरचे स्कीइंगचे गाव म्हणून ते प्रसिद्ध आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे हे गाव त्याच्याही साडेसहाशे मीटर वर! तेथील हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या सुमारे तीनचतुर्थांश असतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी होतो. निरोगी तरुणाला याचा फारसा त्रास होत नाही. पहिल्या एक-दोन रात्री झोप नीट लागत नाही, क्वचित डोके दुखते, इतकेच. परंतु ज्यांचे हृदय किंवा फुप्फुसे आधीच काटकसरीने चालतात, त्यांच्यासाठी हीच तूट मोठी ठरते. हृदयाचे ठोके वाढतात आणि पहिल्या काही दिवसांत रक्तदाबही चढू शकतो. शिवाय थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, त्याचा भार निराळाच. जाड कपडे आणि जड बूट घालून बर्फातून चढ चढणे हे पर्वती चढण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे काम आहे. पर्वतीवर थांबावे लागणाऱ्या माणसाला तेथे काय झाले असते, याचा तपशील मी काकांना सांगितला नाही. ते मुख्याध्यापक होते, समजायचे ते समजले.

उलट शामोनी गाव १,०३५ मीटरवर आहे. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर. म्हणजे माँ ब्लाँसारख्या ४,८०० मीटरहून उंच शिखराच्या पायथ्याशी असूनही हे गाव आपल्या महाबळेश्वरापेक्षा सखल आहे. मोर्झीन साधारण १,००० मीटर, मजेव्ह १,११३, ले झे १,१७२. ही सारी जुनी, नांदती गावे आहेत. तेथे चौक आहेत, बाजार आहे, चर्चसमोर बसायला बाक आहेत. ज्यांना बर्फावर घसरायचे नाही त्यांनाही तेथे दिवस घालवता येतो. मजेव्हच्या चौकात घोडागाड्या उभ्या असतात, आजी-नातवंडांना एका गाडीत बसवावे आणि तासभर निश्चिंत व्हावे. स्कीइंग करणाऱ्यांनी पाळण्यातून वर जावे आणि संध्याकाळी खाली परतावे. दिवसा काही तास उंचीवर घालवून रात्री खाली झोपणे शरीराला बरेच सोपे जाते. यात तोटा आहे, तोही सांगितला पाहिजे. सखल गावांत बर्फाची हमी कमी असते, विशेषतः मार्चमध्ये. शामोनीत तर स्कीइंगचे उतार खोऱ्यात विखुरलेले आहेत, लहान मुलांना घेऊन रोज बसने जावे लागते आणि त्याने माझी बहीण वैतागली होती. मुले लहान असतील तर मी ले झे किंवा मजेव्ह सुचवीन.

आता मोहाविषयी. शामोनीहून एग्वी द्यु मिदी या सुळक्यावर पाळणा जातो. अवघ्या वीस मिनिटांत माणूस १,०३५ मीटरवरून ३,८०० मीटरच्या आसपास पोहोचतो. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तेथे पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्या, असे आपण सर्वांना बजावतो. येथे मात्र लोक न्याहरी करून थेट वर जातात, भराभर जिने चढतात आणि छायाचित्रे काढतात. हृदयविकार, दमा, फुप्फुसांचे जुनाट विकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेल्यांनी हा बेत करू नये. इतरांनीही वर हळू चालावे. भोवळ, धाप, डोकेदुखी किंवा छातीत दडपण वाटले तर त्याच क्षणी खाली यावे, तिकिटाचे पैसे विसरावेत. माझ्या आईला मी तेथे नेले नाही. ती दोन दिवस रुसली होती. मग आम्ही मोंतांव्हेरच्या लाल रंगाच्या दातेरी रेल्वेने गेलो. ती १,९१३ मीटरपर्यंत, हिमनदीच्या काठापर्यंत नेते आणि बसल्या जागी सारे दिसते.

बर्फात ज्येष्ठांना सर्वांत जास्त इजा होते ती मात्र डोंगरावर नव्हे, तर दारात. दिवसा वितळलेले बर्फ रात्री गोठून पायरीवर काचेसारखे होते. मी स्वतः बेकरीच्या पायरीवर सपशेल आडवी झाले, तीही रोग्यांना पडण्याबद्दल व्याख्याने देणारी डॉक्टर! मनगटावर निभावले. सत्तरीत ठिसूळ हाडांवर तोच प्रसंग खुब्यावर बेततो. बुटांवर चढवायचे काटेरी रबरी पट्टे तेथील दुकानांत मिळतात. ते पहिल्याच दिवशी घ्यावेत आणि घरात शिरताना काढावेत, कारण फरशीवर तेच घसरतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर कितीही बरे वाटत असले तरी रुग्णालयात जावे. मुलांनी घर निवडताना लिफ्ट आहे का, बाहेर किती पायऱ्या आहेत आणि रात्री शौचालयाला जाताना जिना उतरावा लागतो का, हे विचारून घ्यावे. पोटमाळ्यावरची लाकडी खोली छायाचित्रात फार गोड दिसते.

मधुमेहींनी इन्सुलिन बाहेरच्या पिशवीत ठेवू नये, ते गोठले की निकामी होते. कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावे. साखर तपासण्याचे यंत्रही कडक थंडीत चुकते किंवा बंद पडते, तेव्हा तपासणी घरात येऊन करावी. कोरड्या हवेत तहान कळत नाही, लघवीची गोळी घेणाऱ्यांनी पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन ढगाळ दिवशीही डोळे भाजते, म्हणून गडद चष्मा आजोबांनाही हवा, केवळ स्कीइंग करणाऱ्यांना नव्हे. औषधे विमानातील हातपिशवीत ठेवावीत आणि चिठ्ठीवर त्यांची मूळ नावे लिहून घ्यावीत. आपली कंपनीची नावे तेथील औषध दुकानात कोणी ओळखत नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२ किंवा १५ हा क्रमांक आहे.

विम्याचे कागद मुलांनी नव्हे, तर तुम्ही स्वतः वाचा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो बहुतेकांकडे असतोच. परंतु जुन्या आजारामुळे उद्भवलेला खर्च आणि बर्फावरील खेळ अनेक विमापत्रांत वगळलेले असतात. स्कीइंगच्या उतारावरून जखमीला खाली आणण्याचे पैसे फ्रान्समध्ये बहुधा संबंधितांकडून घेतले जातात, हे मुलांनी स्वतःसाठीही लक्षात ठेवावे. आणि रक्तदाब किंवा स्टेंट विम्याच्या अर्जात लपवू नका.

एक नाजूक विषय उरतो. काकूंना मी विचारले, "दिवसभर तुम्ही काय करणार होता?" तेव्हा कळले, की दोन वर्षांची नात त्यांच्यापाशी राहणार होती. रोज सात-आठ तास, अनोळखी घरात, बाहेर बर्फ, भाषा फ्रेंच. कोणी तसे स्पष्ट म्हटले नव्हते, गृहीत धरले होते. तीन वर्षांपुढील मुलांसाठी तेथील स्कीइंगच्या शाळांत शिशुवर्ग असतात, त्याहून लहानांसाठी बऱ्याच गावांत पाळणाघर असते. सुटीच्या काळात जागा लवकर भरतात, म्हणून नाव आधी नोंदवावे लागते. नातीला सांभाळणे हा काकूंचा आनंदच होता, पण एक वेळ सकाळ आणि एक वेळ दुपार, एवढाच. हे वाक्य त्यांनी मुलाला व्हिडिओ कॉलवर माझ्यासमोरच सांगितले. मुलगा क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "आई, तू आधी का नाही बोललीस?"

हृदयरोगतज्ज्ञांनी हिरवा कंदील दाखवल्यावर पुढच्या वर्षी, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दोघे गेले. त्या सुमारास दिवस मोठा झालेला असतो आणि फ्रान्समधील शाळांच्या सुट्यांची गर्दीही ओसरलेली असते. राहिले ले झेमध्ये, तळमजल्यावर. परत आल्यावर काकांनी मला मोबाइलमधील एक चित्रफीत दाखवली. नातू हिरव्या खुणेच्या, म्हणजे सर्वांत सोप्या उतारावरून घसरत येतो आणि खाली उभ्या असलेल्या आजोबांच्या पायाशी धपकन पडतो. काका हसताहेत, धाप लागलेली नाही. मी चित्रफीत दोनदा पाहिली आणि मग त्यांचा रक्तदाब घेतला. १३४ वर ८२.