संकटकाळी वायरलेस : मागणी आपणच लावून धरली पाहिजे



मोठी आपत्ती आली की आधी वीज जाते, मग फोन. मोबाईलचा टॉवर बॅटरीवर काही तासच तग धरतो. तारसेवा जुलै २०१३ मध्येच बंद झाली. उरतो तो रेडिओ.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने अंदमान-निकोबारचा संपर्क तोडला, तेव्हा हॅम म्हणजे हौशी रेडिओचालकांचे एक पथक योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होते. त्यांच्या सेटवरून बेटांवरील माणसांची खुशाली नातेवाइकांपर्यंत पोहोचली. पण पुढच्या वेळी असा योगायोग नसेल, त्याचे काय?

हॅमसाठी दूरसंचार खात्याची परीक्षा व परवाना लागतो. २७ मेगाहर्ट्झ पट्ट्यातील पाच वॅटपर्यंतचे सेट २००५ पासून परवानामुक्त आहेत, पण त्यांचा पल्ला थोडा. स्टेशनातील व्हीएचएफ सेट गाड्या चालवण्यासाठी आहे. त्यावर जनतेचे निरोप पाठवता येत नाहीत.

स्टेशन आणि पोस्ट देशाच्या कानाकोपऱ्यात आहे. पोस्टमनला घर न् घर माहीत असते. म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी : इच्छुक कामगारांना ड्यूटीच्या वेळेत हॅमचे प्रशिक्षण द्या, परीक्षेची फी प्रशासनाने भरावी, सेट व बॅटरीही प्रशासनानेच द्यावी. मात्र हे काम आहे त्याच माणसावर लादू नका. रिकाम्या जागा आधी भरा.

सेवेला आपण कधीच मागे हटलो नाही. पण लोकांचा जीव केवळ कुणाच्या हौसेवर सोडून चालणार नाही. प्रत्येक शाखेने तसा ठराव करून पाठवावा.