पेला मक्याचा, जबाबदारी आपली

गेल्या मार्चमध्ये पालकदिन झाला आणि मेसच्या मागे सरबताच्या पेल्यांचा ढीग पडला. प्रत्येक पेल्यावर हिरवे पान आणि त्याखाली ‘वनस्पतीपासून बनवलेला’ असे छापलेले. दुसऱ्या दिवशी सफाईची पाळी आमच्या सेक्शनची होती. “नाल्यातले राहू दे रे, ते आपोआप मातीत जातील,” एक मित्र म्हणाला. आम्हीही ऐकले. पावसाळा सरला, पेले अजून तिथेच आहेत.

हे पेले पीएलए नावाच्या प्लास्टिकचे. मका किंवा उसातली साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळते आणि त्याचे रेणू जोडून पीएलए बनते. पदार्थ गुणी आहे. थ्रीडी प्रिंटरमधली तार बहुधा याचीच असते. शरीरातच विरघळणारे काही टाकेही याच कुळातले. पण साध्या पीएलएचा पेला साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतो, म्हणून त्यात वाफाळता चहा चालत नाही. लवकर कुजायलाही त्याला जवळजवळ तेवढीच उष्णता, ओलावा आणि सूक्ष्मजीव लागतात. हे सारे कंपोस्ट प्रकल्पात मिळते, नाल्यात नाही.

शिवाय वनस्पतीपासून बनलेले प्रत्येक प्लास्टिक कुजतेच असे नाही. उसापासून केलेले पॉलिथिन नेहमीच्या पॉलिथिनइतकेच चिवट असते.

१ जुलै २०२२ पासून देशात एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे बंद झाले. कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकला सवलत आहे, पण त्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. छापलेले हिरवे पान म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

“खनिज तेलाच्या प्लास्टिकपेक्षा हे बरे ना?” असे कोणी विचारेल. बरे आहे, पण वेगळे गोळा करून कंपोस्ट प्रकल्पापर्यंत पोचवले तरच. पाण्याच्या बाटल्यांत मिसळले, तर त्या बाटल्यांचा पुनर्वापरही बिघडतो.

माझे मत सरळ आहे. रोज आपण स्टीलच्या ताटात जेवतो. मग पालकदिनीच फेकायचे पेले कशाला? स्टीलचे पेले विसळायला एका सेक्शनला तासभर लागेल. मैदानावर किंवा शिबिरात पर्यायच नसेल, तर प्रमाणपत्र पाहून माल घ्यावा, त्यासाठी वेगळा डबा ठेवावा आणि तो कुठे रिकामा होणार हे आधी ठरवावे.

येत्या रविवारी आमचा सेक्शन नाल्यावर जाणार आहे. पेले आम्ही सोडले होते, उचलायचेही आम्हीच.